तिसरी गोळी

माझ्या लेकीची दाढ हलतेय हे मला तिनंच सांगितलं. भाकरीचा तुकडा चावता चावता ती थांबली आणि म्हणाली, "आये, हितला दात हालतुया." ती पाच वर्षांची होती. त्या वयात पुढचे दातसुद्धा हलत नाहीत, आणि ही बोट घालून दाखवत होती ती पार मागची दाढ. मी हात लावून पाहिलं. दाढ खरंच हलत होती, आणि तिच्याखालची हिरडी मऊ लागली, भिजवलेल्या चिंचेसारखी. मी बोट पटकन मागं घेतलं. त्या दुपारी भांडी घासताना मी दोनदा उठून तिच्याजवळ गेले, आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडात न बघताच परत आले.

आम्ही तेव्हा मुळशीच्या धरणाजवळ राहायचो. साठ सालानंतरची ती वर्षं. माझे मालक धरणावर कामाला होते. रोज सकाळी पाण्याची पातळी बघायची, पावसाळ्यात पाऊस मोजायचा आणि ऑफिसात लिहून द्यायचा, हे त्यांचं काम. कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली एक आमची. सासूबाई वरच्या गावात थोरल्या दिरांकडे असायच्या. मी मराठी सातवी झालेली, त्यामुळे ओळीतल्या सगळ्या बायकांची पत्रं मीच वाचायची आणि मीच लिहायची. लेक एकटीच. तिच्या आधीचं मूल जन्मल्या दिवशीच गेलं होतं.

आठवड्यात तिचा उजवा गाल सुजला. सासूबाई बघायला आल्या, गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "गालगुंड हाय. समद्या पोरांना येतंय. आंबेहळद लाव." मी लावली. गाल पिवळा झाला आणि आणखी फुगला. पंधरा दिवसांत सूज डोळ्याखाली पोचली, डोळा बारीक दिसायला लागला. दाढ एका सकाळी आपोआप गळून तिच्या हातात आली. रक्त थेंबभर आलं नाही. ती खूश होऊन मला दाखवायला आली, आणि त्याच दिवशी आम्ही तिला पौडला नेलं.

पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून बॅटरीनं तोंडात पाहिलं. बॅटरी विझवली, परत लावून पाहिलं. मग माझ्याशी न बोलता मालकांना म्हणाले, "उद्या हिला पुण्याला घेऊन जा. परवा नाही, उद्याच."

पुण्यात एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात तिला ठेवून घेतलं. हिरडीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. पन्नाशीकडे झुकलेले, आवाज बारीक, बोलताना टेबलावरची टाचणी इकडची तिकडं करायची सवय. त्यांनी आम्हाला आधी बसायला सांगितलं. इस्पितळात कुणी बसायला सांगितलं म्हणजे काहीतरी वाईट असतं, एवढं मला पाच दिवसांत कळलं होतं.

"ही गाठ जबड्याच्या हाडात आहे," ते म्हणाले. "कॅन्सरच्या जातीची."

तो शब्द मी एकदाच ऐकला होता, आमच्या माहेरच्या गावातल्या एका तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल. मी म्हटलं, "पण ती तंबाखू कुटं खाती?" आजही ते आठवलं की मान खाली जाते. डॉक्टर हसले नाहीत. "तशातला नाही हा," एवढंच म्हणाले.

मालक म्हणाले, "कापून काढा, सायेब."

"कापता येत नाही. फार भराभर वाढते. कापली तरी मागं राहिलेली पुन्हा वाढते." मग त्यांनी खणातून एक तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत पांढऱ्या गुळगुळीत गोळ्या होत्या. "हे औषध नवीन आहे. मोठ्या माणसांना किती द्यायचं ते थोडंफार कळलंय. लहान मुलांना किती, ते अजून नक्की कुणाला माहीत नाही. मलाही नाही. कमी दिलं तर गाठ मरत नाही. जास्त दिलं तर मूल मरतं. मधला आकडा कुठं आहे, ते आम्ही शोधतोय."

मी विचारलं, "म्हंजे कसं शोधताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर ते मालकांकडेच बघून बोलत होते. "आधीच्या मुलांना सात दिवस रोज एकेक गोळी दिली. गाठ बसली, पण महिन्याभरात परत आली. आता दोन-दोन देऊन बघतोय. रक्त तपासत राहायचं. तुम्ही नाही म्हणू शकता, बाई. तसं म्हटलं तर मी रागावणार नाही."

"न्हाई म्हणलं तर?"

"महिना. फार तर दोन."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांनी मला कशाबद्दल विचारलं नव्हतं, बैल विकला तेव्हाही नाही. आता म्हणाले, "तू सांग." मला तेव्हा त्यांचा राग आला. हे ओझं माझ्या अंगावर टाकून ते मोकळे होतायत असं वाटलं. नंतर कळलं, त्यांना बोलताच येत नव्हतं. मी म्हटलं, "द्या." मालकांनी कागदावर सही केली.

गोळी फोडायची नाही, चावायची नाही, सकाळी द्यायची आणि दिवसभर पाणी पाजायचं, नाहीतर औषध मूत्राशयाला जाळतं, असं परिचारिकेनं सांगितलं. गोळीवर साखरेचा लेप होता. लेक ती जिभेवर घोळवायची आणि म्हणायची, "ग्वाड हाय." मी केळं कुस्करून त्यात गोळी लपवायची. घशाखाली उतरली की तिला आ करायला लावायची आणि जिभेखाली बघायची. चार दिवसांत गाल उतरला. खरंच उतरला. बारीक झालेला डोळा पुरता उघडला, आणि पोरगी दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागली. वॉर्डातल्या बाया मला म्हणाल्या, "देव पावला." मला मात्र त्या वेगाची धास्ती वाटत होती. चार दिवसांत हाड खाणारी गाठ जी गोळी वितळवते, ती बाकीच्या अंगाला काय करत असेल?

शेजारच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती. तिलाही जबड्याचीच गाठ. तिच्याजवळ तिचे वडील असत, वेल्ह्याकडच्या डोंगरातले, लाकडाचा कोळसा पाडणारे. आई नव्हती. पहिल्यांदा दोन गोळ्या देऊन तिची गाठ परत आली होती, म्हणून तिला तीन चालू होत्या. ती पाणी प्यायची नाही. मग तिच्या लघवीला लाल रंग आला आणि ती घाबरून आणखीच पाणी टाळायला लागली. तिच्या वडिलांना बोलायची सवय नव्हती. हातात पेला धरून ते तासन् तास खाटेशी उभे असायचे.

आम्हाला घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पडदा ओढला होता, पण पडद्याखालून मला तिच्या वडिलांचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाले, "बाय, तुमी पानी पाजत ऱ्हावा. माजी पीत न्हवती." मी मान हलवली. ते गेल्यावर मी लेकीला उठवून तिला दोन पेले पाणी प्यायला लावलं. ती रडत होती, तरी पाजलं.

घरी आल्यावर तिचे केस गेले. उशीवर, पाटावर, माझ्या पदरावर केस. सासूबाई बघून गेल्या आणि दिरांच्या पोरांना आमच्याकडे यायची बंदी झाली. ओळीतल्या एका बाईनं विचारलं, "लागणारं हाय का गं?" मी तिच्या नवऱ्याचं पत्र वाचत होते. तसंच पुढं वाचत राहिले. दुसरं काय करणार?

मी रोज सकाळी तिच्या जबड्यावरून बोट फिरवायची. कानाखालून हनुवटीपर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. घरी आल्यापासून चोविसाव्या दिवशी बोटाला काहीतरी लागलं, वाटाण्याएवढं. मी मालकांना सांगितलं नाही. तीन दिवस कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं नाही तर ते नसेल, असं काहीतरी डोक्यात होतं. चौथ्या दिवशी ते सुपारीएवढं झालं, आणि मग मालकांनाच दिसलं.

"कवापास्नं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"आजच," मी म्हटलं. ते मी त्यांच्याशी बोललेलं खोटं. पुढं कितीतरी वर्षांनी मी ते कबूल केलं. ते म्हणाले, "मला ठावं हुतं."

डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि टाचणी हातात घेतली. "आता तीन द्यायला हव्यात," ते म्हणाले.

मी म्हटलं, "त्या पोरीला तीनच दिल्या हुत्या. आमच्या शेजारची. मी हुते तितं."

"हो."

"तरी तुमी आमाला तीन सांगताय?"

"हो. कारण दोननं गाठ परत आली, हे तुम्ही बघताय." त्यांनी टाचणी बोटांत फिरवली. मग म्हणाले, "त्या मुलीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरत होत्या. त्याच पेशी ताप अडवतात. मी आधीच थांबायला हवं होतं. मी सातही दिवस पुरे केले. ती चूक माझी आहे. या वेळी मी मध्येच रक्त बघेन."

असं बोलणारा डॉक्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि नंतरही पाहिला नाही. पण खरं सांगते, त्यामुळे धीर आला नाही. उलट भीती वाढली. मला वाटलं होतं, या माणसाला नक्की माहीत असेल आणि तो फक्त आम्हाला सांगत नसेल. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

वॉर्डात त्याच आठवड्यात कांजिण्या निघाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "इथं ठेवली तर गोळीआधी कांजिण्याच तिला नेतील. घरी ठेवा. गोळ्या तुम्हीच द्या." त्यांनी मला मोजून एकवीस गोळ्या दिल्या, थर्मामीटर कसा बघायचा ते शिकवलं, एक वही दिली. रोज लिहायचं: गोळ्या किती, पाणी किती पेले, ताप किती, लघवीचा रंग. चौथ्या दिवशी गोळी दिल्यावर पौडच्या दवाखान्यात जायचं. तिथले कंपाउंडर बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतील आणि पुण्याच्या एसटीत देतील. पाचव्या दिवशी सकाळी धरणाच्या ऑफिसात फोन येईल. चालू ठेवा, नाहीतर थांबवा.

श्रावण होता. मुळशीत पाऊस लागला की दिवसचे दिवस डोंगर दिसत नाहीत, आणि पत्र्याखाली बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. मी बाटली शिंक्यात ठेवली, तिथं कुणाचाही हात पोचायचा नाही. पहिल्या दिवशी तीन गोळ्या तळहातावर घेतल्या तेव्हा एक निसटून खाली पडली. मी चुलीशेजारी गुडघ्यावर बसून ती शोधली. सापडली, राखेत. ती पुसून द्यायची की टाकून द्यायची? टाकली तर शेवटच्या दिवशी एक कमी पडणार. मी पदरानं पुसली आणि दिली. आणि मग दिवसभर मनात, राखेनं काही झालं तर?

तिसऱ्या दिवशी तिला गोळ्यांनंतर ओकारी झाली. मी ओकारी पळीनं चाळली. दोन गोळ्या अख्ख्या सापडल्या, तिसरी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच ओकली आणि गोळी दिसली तर तेवढीच परत द्या. त्याच दोन पुसून परत दिल्या. पण तिसरी पोटात गेली होती, की ओकारीतच विरघळली होती, ते मला कळायला मार्ग नव्हता. वहीत लिहिलं, "तीन. ओकारी. दोन परत. एक माहीत नाही." मालकांनी ते वाचलं. म्हणाले, "माहीत न्हाई असं लिव्हू नये. ऑफिसात चालत न्हाई." मी म्हटलं, "ह्ये ऑफिस न्हाई."

चौथ्या दिवशी गोळ्या देऊन, तिला घोंगडीत गुंडाळून सकाळच्या एसटीनं पौडला गेलो. कंपाउंडरनं काचेवर रक्ताचा थेंब पसरला, वाळवला, कापसात गुंडाळून सिगारेटच्या डब्यात ठेवला आणि डबा पुण्याच्या कंडक्टरच्या हातात दिला. "इस्पितळाचा शिपाई स्टँडवर येईल. त्याच्याशिवाय कुणाला देऊ नका." कंडक्टरनं डबा आपल्या खिशात टाकला, वरून तिकिटांची पेटी अडकवली आणि घंटी मारली. एसटी पावसात दिसेनाशी झाली. माझ्या पोरीचं मरणं-जगणं त्या माणसाच्या खिशातून चाललं होतं, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

पाचव्या दिवशी उजाडताच मालक ऑफिसात जाऊन बसले. गोळी सात वाजता द्यायची असायची. सात वाजले, आठ वाजले. मालक भिजून परत आले. "लाईन बंद हाय. रातच्याला पौडाकडं झाड पडलंय म्हणत्यात. पुण्याशी बोलणं हुईना."

"मग?"

"मग काय? सात दिस सांगितल्यात. दे."

"फोन आल्यावर द्यायची, असं सांगितलंय."

"फोन येणार न्हाई! ऐकू येतंय का? गोळी चुकली आन् गाठ परत आली तर?" ते असे कधी ओरडत नसत. लेक घाबरून आमच्याकडे बघत होती. मी तिला लघवीला न्यायच्या निमित्तानं बाहेर पडवीत नेलं. पत्र्याच्या टमरेलात लघवी धरायची आणि रंग बघायचा, असा रोजचा नेम होता. ती बसली. मी बघितलं. आधी वाटलं टमरेलाला गंज असेल. मग तिनं विचारलं, "आये, लाल का झालं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आत येऊन मी शिंक्यातली बाटली काढली, उघडली. नऊ गोळ्या उरल्या होत्या. तीन बाहेर काढल्या. मालक दारात उभे होते. मला त्या वेळी डॉक्टर आठवले नाहीत, देवही आठवला नाही. पडद्याखालचे ते पाय आठवले. मी गोळ्या परत बाटलीत टाकल्या आणि म्हटलं, "आज न्हाई."

"तुला काय कळतंय?" मालक म्हणाले. आवाज आता बसला होता.

"काय न्हाई कळत."

मी तिला पाणी पाजायला लागले. एकेक पेला, सांगत, रागवत, गोष्ट सांगत, गुळाचा खडा दाखवत. दिवसभरात ती चौदा पेले प्यायली. मी चौदा रेघा मारल्या. प्रत्येक रेघ मारताना वाटायचं, गोळी न देऊन मी तिला मारतेय. गाठ आता, या मिनिटाला, हाडात वाढत असेल. मी बोट लावून बघत होते. सुपारी होती तिथं काहीच लागत नव्हतं, पण माझ्या बोटांवर माझाच भरवसा राहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत लघवी फिक्की गुलाबी झाली. मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण विहिरीवरून पाणी त्यांनीच आणलं, उकळलं आणि गार करून ठेवलं.

सहाव्या दिवशीही फोन नाही. मी गोळी दिली नाही. सातव्या दिवशी सकाळी थर्मामीटरमध्ये एकशे दोन. पौडपर्यंतची एसटी पाण्यामुळे आली नव्हती. धरणाच्या कामावरचा एक ट्रक सिमेंट आणायला पुण्याला निघाला होता. मालक त्याच्या पुढं रस्त्यात उभे राहिले. ड्रायव्हरनं आम्हाला पुढं बसवलं. भूगावच्या चढावर ट्रक गरम होऊन थांबला, ड्रायव्हर पाणी ओतत होता, आणि मांडीवरची पोर भट्टीसारखी तापली होती. ती थांबलेली दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. मालक रस्त्याच्या कडेला उभे राहून शेताकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी तिला एका वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्ही चपला बाहेर काढायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, हात धुऊनच शिवायचं. काचेची पट्टी पोचली होती, पण दमटपणानं खराब झाली होती, तिच्यातून काही कळलं नव्हतं. म्हणजे फोन आला असता तरी त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं. आता त्यांनी नवं रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच.

"सातही दिवस दिल्या ना?" त्यांनी विचारलं.

मी वही पुढं केली. त्यांनी पान उलटलं. चौथ्या दिवसानंतर गोळ्यांच्या घरात मी शून्य लिहिलं होतं.

"का थांबलात?"

"लाल झाली म्हणून." मग मला खोटं बोलवेना. "आन् भ्याले म्हणून."

ते वही तशीच उघडी धरून उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील, तुम्ही सगळं वाया घालवलंत. मालकांनी माझ्या कोपराला धरलं. डॉक्टर म्हणाले, "सात दिवस दिल्या असत्यात तर आज ती इथवर पोचली नसती, असं मला वाटतं. नक्की सांगता येणार नाही. पण चार दिवसांनी गाठ मेली की नाही, तेही मला सांगता येणार नाही."

अकरा दिवस ताप होता. पेनिसिलीनची इंजेक्शनं चालू होती, तिच्या मांड्यांना जागा उरली नव्हती. तोंड आतून सोललं होतं, पाणीही चमच्यानं टाकावं लागे. ती माझ्याशी बोलायची नाही. मी तिला हे सगळं करतेय असं तिला वाटत असावं. आणि एका अर्थानं ते खोटं कुठं होतं? बाराव्या दिवशी सकाळी मी कपाळाला हात लावला तर ते गार लागलं, आणि मी एवढी घाबरले की ओरडले. परिचारिका धावत आली. ताप उतरला होता, एवढंच. लेकीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आये, आरडू नगं."

गाठ परत आली नाही. पण त्या वेळी हे कुणाला माहीत होतं? महिना गेला, बोटाला काही लागत नाही. दोन महिने गेले. दर पंधरा दिवसांनी पुणे, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी डॉक्टर चाचपायचे आणि म्हणायचे, "आज तरी नाही." ‘बरी झाली’ असं ते कधी म्हणाले नाहीत. तिला शाळेत घातलं. तिचे केस नव्यानं आले ते दाट आणि कुरळे. सासूबाई पुन्हा येऊन बसायला लागल्या, तिच्या केसांना तेल लावायला लागल्या. मी त्यांना काही बोलले नाही. त्याही मनातून घाबरल्याच असणार.

दोन वर्षांनी एकदा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत थांबवलं. म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुमच्या मुलीनंतर जी मुलं आली, त्यांना आम्ही चारच दिवस देतो. तीन-तीन गोळ्या, चार दिवस, मग थांबायचं. मग वाटलं तर पुन्हा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "पण ते चार दिवस मी ठरवले न्हाईत! फोन न्हवता आला. मी भ्याले हुते."

"माहीत आहे. मी तसंच लिहून ठेवलंय. आईनं थांबवलं."

"आन् ती पोरं?"

"काही आहेत," ते म्हणाले. "काही नाहीत."

जी नाहीत, त्यांच्यापैकी एखाद्याला पाचवा दिवस हवा होता का? हे विचारायला मी तोंड उघडलं आणि विचारलं नाही. पण त्यांना ते ऐकू आलं असावं. टाचणी खाली ठेवून ते म्हणाले, "त्याचा विचार मी करतो, बाई. तो माझा. तुम्ही मुलीला घेऊन घरी जा."

मी घरी आले, पण तो विचार काही तिथं ठेवून येता आला नाही. कितीतरी वर्षं, कुठं कुणाच्या मांडीवर टक्कल पडलेलं लहान मूल दिसलं की मी रस्ता बदलायची.

लेक पौडच्या हायस्कुलात शिकली, पुढं नर्स झाली नाही, डॉक्टर झाली नाही. तिला गणित आवडायचं, ती बँकेत लागली. तिचं लग्न ठरताना मी मुलाच्या आईला सगळं सांगितलं. मालक नको म्हणत होते, तरी सांगितलं. त्या बाईनं ऐकून घेतलं आणि मुलीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. उजव्या बाजूचा गाल थोडा आत आहे, एवढंच दिसतं. मग त्या म्हणाल्या, "आता हाय ना धडधाकट? मग झालं तर." मला तेव्हा रडू आलं. त्या बाईला वाटलं, लग्न ठरल्याचं.

लेकीला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. पाऊस आठवतो, ट्रकची सीट आठवते. मी तिला सारखं पाणी पाजायची आणि ती ओरडायची, हे आठवतं. मध्ये एकदा तिनं विचारलं, "आई, तू एवढी का चिडायचीस तेव्हा माझ्यावर?" मी म्हटलं, "चिडत न्हवते गं." पुढं काय सांगावं ते सुचेना, म्हणून हे लिहायला बसले.